दागिने कोणाच्या नावावर?

भाईंदरच्या एका लहानशा वाचनालयात माझे बरीच वर्षे जाणेयेणे आहे. संध्याकाळच्या गाडीने उतरलेली मंडळी घरी जाता जाता तेथे पुस्तक बदलतात. मागल्या पावसाळ्यात एक मध्यमवयीन बाई टेबलापाशी उभ्या होत्या. हातातली छत्री गळत होती आणि मागे रांग लागली होती. त्या ग्रंथपालांना म्हणाल्या, "काका, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या श्रीमंत घरातल्या बाईची कादंबरी द्या. मोठा वाडा, पै-पाहुणे, मेजवान्या, मानापमान, आणि या सगळ्यातून वाट काढणारी एखादी शहाणी बाई. माझी मुलगी इंग्रजीत अशी पुस्तकं वाचते. मराठीत असेलच की!"

ग्रंथपालांनी क्षणभर विचार केला आणि 'स्वामी' काढून दिली. आठवड्याने बाई परत आल्या, तेव्हा योगायोगाने मीही तेथेच होतो. "फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "शेवटी रडू आवरलं नाही. पण काका, रमाबाईंचं स्वतःचं असं काय होतं हो?"

ग्रंथपाल हसले. मी मात्र तो प्रश्न बरोबर घेऊन घरी आलो. आपल्या ऐतिहासिक कादंबरीविषयी गेल्या साठ वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. इतिहासाशी इमान किती राखावे, कल्पनेला मोकळीक किती द्यावी, भाषा बखरीची असावी की आजची, असे वाद आपण हिरिरीने घातले. परंतु या बाईंनी विचारला तो प्रश्न आपण फारसा विचारला नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीतील श्रीमंत स्त्रीच्या अंगावर दागिने असतात. ते कोणाच्या नावावर असतात?

प्रश्न व्यवहारी आहे, म्हणून तो वाङ्मयबाह्य आहे असे कोणी समजू नये. श्रीमंत समाजातील स्त्रीची कथा म्हणजे मूलतः पैसा, विवाह आणि अब्रू या तिहींच्या गुंतागुंतीची कथा असते. त्यातला पैसा वगळला की उरते ती केवळ शोभा. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांत कोणाचे वार्षिक उत्पन्न किती, हे आपल्याला नायकाच्या स्वभावाआधी कळते. अमेरिकन लेखिका एडिथ व्हॉर्टन यांनी १९२० साली 'द एज ऑफ इनोसन्स' लिहिली, तेव्हा १८७०च्या दशकातील न्यूयॉर्कच्या धनिक समाजाचा काळ मागे पडून त्याचा इतिहास झाला होता. त्या कादंबरीतील एलेन नवऱ्याला सोडून युरोपातून माहेरी येते. तिने परत जावे असे कुटुंबाला वाटते. कोणी आवाज चढवीत नाही, कोणी दार लावून घेत नाही. तिला मिळणारा तनखा तेवढा कमी केला जातो. सभ्यपणाच्या पोटातले क्रौर्य दाखवायला व्हॉर्टनबाईंना हा एक व्यवहार पुरला. हिशेबाच्या वहीतही नाट्य असू शकते, हे त्या जाणून होत्या.

आता आपल्याकडे पाहू. रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिचा काळ अठराव्या शतकाचा आहे. तरी तिचा विचार करायलाच हवा. कारण त्यानंतर मराठी वाचकाच्या मनात 'वाड्यातली स्त्री' म्हटली की जी मूर्ती उभी राहते, ती या रमाबाईंची. त्या मूर्तीचे माधुर्य नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. माधवरावांच्या धकाधकीच्या आयुष्यात ती एक शीतळ सावली आहे, आणि थेऊरच्या अखेरीस ती सावली देहासकट नाहीशी होते. वाचकाचा कंठ दाटून येतो तो उगाच नव्हे.

परंतु त्याच वाड्यातील इतर स्त्रिया पाहा. गोपिकाबाईंना राज्यकारभार कळतो. त्या कठोर आहेत. आनंदीबाईंना सत्तेची आस आहे. त्या कारस्थानी आहेत. जिला काही नको, ती तेवढी नायिका. हा दोष एकट्या देसायांचा नव्हे. आपल्या रुचीचाच तो गुण आहे. पुरुषाने पैसा आणि सत्ता यांचा विचार केला की तो मुत्सद्दी होतो. बाईने केला की ती घर फोडते. अशा नीतीच्या चौकटीत श्रीमंत समाजातून शहाणपणाने वाट काढणारी नायिका जन्माला यावी कशी? तिचे शहाणपण हेच तिचे पाप ठरते.

'स्वामी'नंतर सहा वर्षांनी, १९६८ साली, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' प्रसिद्ध झाली आणि एकोणिसावे शतक ऐतिहासिक कादंबरीच्या कक्षेत आले. ही मराठीतील फार मोलाची घटना होय. येथे तलवार नाही, तख्त नाही. पोस्टातला एक विक्षिप्त कारकून आणि त्याची लहानगी बायको आहे. कल्याणची ही मुलगी अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे करीत १८८३ साली अमेरिकेस जाते, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होते आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यास, बावीस वर्षांचीही पुरती न होता, मरण पावते. जोशांनी ही कहाणी मोठ्या समजुतीने सांगितली. तिच्यात पैशाची चणचणही आहे. प्रवासासाठी दागिने मोडावे लागतात. तथापि या कथेचा कणा गोपाळरावांचा हट्ट हाच राहिला. आनंदीबाई किती सोसते, हे आपण पानोपानी पाहतो. ती काय ठरवते, हे त्या मानाने थोडे दिसते. शिवाय ही कथा मध्यम स्थितीतल्या ब्राह्मण घराची. मुंबईच्या कापसाच्या, अफूच्या आणि कंत्राटांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरांची दारे तीही उघडीत नाही.

ती दारे बंदच का राहिली, याचे एक कारण आपल्या कादंबरीच्या जन्मातच सापडते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले. त्यात एकीकडे 'पण लक्षात कोण घेतो?' येत होती आणि पुढे दुसरीकडे 'उषःकाल' आली. सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी नाव दिले होते 'आजकालच्या गोष्टी'. एकाच लेखकाने, एकाच पत्रात, दोन स्वतंत्र खाती उघडली. बाईचे दुःख 'आजकाल'च्या खात्यात आणि शौर्य 'इतिहासा'च्या खात्यात. हरिभाऊंच्या दृष्टीने हे स्वाभाविकच होते, कारण यमू त्यांच्या शेजारच्या घरातली होती. पण आता तो आजकाल सव्वाशे वर्षांमागे गेला. काळ इकडून तिकडे सरकला तरी आपण खाती बदलली नाहीत. इतिहास म्हटला की आजही आपली लेखणी गडाच्या दिशेने वळते. गंगाधर गाडगीळांनी 'प्रारंभ'मध्ये नाना शंकरशेटांची मुंबई उभी केली, ही मोठीच कामगिरी. परंतु मुख्यतः ती शहर घडविणाऱ्या पुरुषांची गाथा आहे.

कोणी म्हणेल, साहित्यच नसेल तर कादंबरीकाराने काय करावे? याच आक्षेपाचा मला विशेष विचार करावासा वाटतो. साहित्य नाही, हे खरे नाही. उदाहरण म्हणून एकाच बाईंचे नाव घेतो. रखमाबाई.

त्या १८६४ साली मुंबईत जन्मल्या. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई हिने पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. १८५६च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली होती, पण त्याच कायद्याने तिचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता. जनार्दन पांडुरंगांची सुमारे २५,००० रुपयांची मिळकत मुलीच्या, म्हणजे रखमाबाईंच्या, नावावर झाली. पुढे अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लागले. मुलगी मात्र सासरी गेली नाही. सावत्र वडिलांच्या घरी राहून ती शिकली. ते घरही साधे नव्हते. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य आणि वनस्पतींचे जाणकार. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांपैकी ते एक. त्या घरी इंग्रज, पारशी, हिंदू अशा सुशिक्षितांची ये-जा होती. मेजवान्या आणि मानापमान हवे असलेल्या आमच्या वाचक बाईंना येथे काही कमी पडले नसते.

१८८४ साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. १८८५च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. १८८७च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. सारा देश दोन तटांत विभागला. मलबारींसारखे सुधारक एकीकडे, टिळकांची पत्रे दुसरीकडे. अखेर १८८८ साली दादाजींनी २,००० रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेत गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटात त्यांनी आयुष्यभर काम केले आणि १९५५ साली वारल्या.

हे सारे ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहे. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. सुधीर चंद्र यांचा १९९८ सालचा इंग्रजी ग्रंथ आहे. २०१६ साली चित्रपटही निघाला. मला कादंबरीकाराचे लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. या दाव्याच्या दोन्ही बाजूंनी मिळकतीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. १८८७ साली दादाजींनी आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. मुलीच्या नावावरचा पैसा हातचा जाऊ नये म्हणून माहेरची माणसे तिला पाठवीत नाहीत, असा त्यांचा आरोप होता. उलट बाजूचे म्हणणे असे की नवऱ्याचा डोळाच त्या पैशावर आहे. म्हणजे तत्त्वाच्या, धर्माच्या आणि सुधारणेच्या एवढ्या गदारोळाखाली २५,००० रुपयांची एक रक्कम स्वस्थ पडून होती, आणि ती एका मुलीच्या नावावर होती. तो पैसा नसता तर दावा झाला असता का? तो पैसा नसता तर ती लढू शकली असती का? या दोन प्रश्नांच्या मध्ये एक संपूर्ण कादंबरी उभी आहे. व्हॉर्टनबाईंच्या न्यूयॉर्कात आजीने तनखा तोडावा, आणि साधारण त्याच सुमारास आमच्या मुंबईत आईने मिळकत मुलीच्या नावावर करावी, या दोन व्यवहारांत किती अंतर आहे! त्या आईविषयीही कोणी लिहावे.

आणखी एक गोष्ट चरित्रकार सांगतात. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर रखमाबाई विधवेचे पांढरे लुगडे नेसू लागल्या. जे लग्न मानले नाही म्हणून तुरुंगाची तयारी दाखविली, त्या लग्नाचे वैधव्य त्यांनी का पत्करले? लोकलज्जेस्तव, रुग्ण स्त्रियांना आपल्याविषयी परकेपणा वाटू नये म्हणून, की मनाच्या एखाद्या कोपऱ्यातून? इतिहासकार येथे थबकतो, आणि ते योग्यच आहे. कादंबरीकाराचे काम येथे सुरू होते. पत्रे, निकाल आणि वर्तमानपत्रे जेथे संपतात, तेथून त्या लुगड्याच्या घडीत शिरण्याचा अधिकार त्याला आहे. अट एवढीच की त्याने तिला शोकमूर्ती करू नये. ती स्वतः ठरविणारी बाई होती, आणि आपल्या ठरविण्याची किंमत तिला माहीत होती.

रखमाबाई हा अपवाद म्हणून सोडून देता येईल, तर दुसरे उदाहरण थोड्या आधीचे. कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई शिंदे. दौलतराव १८२७ साली वारल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. १८३३ साली तिला तेथून जावे लागले. उज्जैनीच्या पेढ्यांत तिचा पैसा खेळत असे आणि इंग्रज अधिकारी तिच्या पैशाविषयी तिच्या राज्याइतकेच जागरूक असत. पदच्युत होऊन फत्तेगडास राहिली असता १८३५ साली तिची फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीशी मैत्री जमली. दोघी घोड्यावरून निघाल्या. मेमसाहेबांचे एका बाजूला पाय सोडून बसणे पाहून मराठी बायकांना हसू आले, आणि पार्क्सबाई त्यांच्यासारखी मांड टाकून घोडा दौडवून मोकळ्या झाल्या. पुढे हिंदू विधवेची आणि इंग्रज बायकोची स्थिती यांविषयी दोघींचे बोलणे झाले, तेव्हा कोणाची बेडी अधिक जड, हे ठरविणे पार्क्सबाईंना अवघड गेले. त्या काळी विलायतेतही विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा धनी नवराच असे. तो कायदा तेथे १८७० आणि १८८२ साली बदलला. हे सारे पार्क्सबाईंनी लिहून ठेवले आहे, आणि द. ब. पारसनीसांनी बायजाबाईंचे मराठी चरित्रही लिहिले. आमच्या ऐतिहासिक कादंबरीने मात्र या बाईला अजून तिच्या मापाचे आसन दिले नाही. बहुधा ती रडत नाही, म्हणून.

आणि कादंबरीतच पाहायचे तर काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' आहे. काशीबाई १८६१ साली जन्मल्या, घरच्यांची नजर चुकवून वाचायला शिकल्या आणि मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या कादंबरीकार स्त्री झाल्या. १८८९ साली आनंदीबाई जोशांचे चरित्र त्यांनीच लिहिले. त्यांची ही कादंबरी १९२८ साली पुस्तकरूपाने आली. श्रीमंतीच्या लोभाने नायिकेला एका मंदबुद्धी संस्थानिकाच्या गळ्यात बांधले जाते, आणि ती स्वतःच राज्याची सूत्रे हाती घेऊन बायकांना अधिकाराच्या जागा देते. रचना सैल आहे; उपदेश पुष्कळ आहे; राज्य स्वप्नातले आहे. परंतु नावातच केवढे मर्म! मोठ्या घरात दिलेली मुलगी म्हणजे पालखीला लोंबणारा गोंडा. पालखी चालते तशी ती हलते, आणि लोक म्हणतात, काय शोभा आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने पुढे जे रेशमी गोंडे विणले, त्यांच्यावरची टीका एका बाईने कितीतरी आधी एका शब्दात करून ठेवली होती. काशीबाईंची चूक झाली असेल तर ती एवढीच की गोंड्याला सुटण्यासाठी त्यांना स्वप्नातले राज्य रचावे लागले. ज्या राज्यात त्या राहत होत्या, तेथे त्यांना वाट दिसली नसावी.

येथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो नैतिक आहे. शेठाणीच्या दुःखांचे एवढे कौतुक कशाला? ज्या भाईंदरात बसून मी हे लिहितो आहे, तेथे पिढ्यान् पिढ्या आगरी बायांनी मिठागरांत डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. खाऱ्या पाण्याने त्यांच्या पायांना भेगा पडत. त्यांची कादंबरी आधी लिहायला नको का?

नक्कीच हवी. पण ही दोन पुस्तके एकमेकांच्या आड येत नाहीत. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली ते भाव कोसळताच मोठमोठी घरे बसली. त्या घरांतल्या किती बायकांना आपल्या पेटीतले दागिने गहाण पडल्याचे सर्वांत शेवटी कळले असेल! पाठोपाठ, १८७० साली, आमच्या या मीरा-भाईंदर-घोडबंदरच्या खाजणांचा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा इंग्रज सरकारने रामचंद्र लक्ष्मणजी या गृहस्थांस दिला. त्या पट्ट्याचे पडसाद येथील जमिनीच्या व्यवहारांत या शतकातही उमटत राहिले. त्या काळच्या अशा कागदांत बाई आलीच तर बहुधा 'अमक्याची विधवा' म्हणून येते. पाटी वाहणारीचे नाव त्यात नसते आणि पैठणी नेसणारीचेही नसते. दोघींच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर, पण कागदाच्या बाहेर त्या दोघीही. श्रीमंत घरातल्या बाईची खरी कादंबरी लिहिणाऱ्याला परसदारी येणाऱ्या बाईलाही लिहावेच लागेल, कारण वाड्याचा हिशेब मांडू लागले की मीठ, कापूस आणि मजुरी यांची कलमे आपोआप येतात. हिशेब टाळणारी कादंबरीच फक्त पैठणीच्या काठावर थांबू शकते.

कायदाही काही लवकर जागा झाला नाही. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा कायदा हिंदुस्थानात झाला, तो हिंदू स्त्रियांना लागू नव्हता. १९३७ साली विधवेला मर्यादित हक्क मिळाला, आणि हिंदू स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालक झाली ती १९५६ साली. म्हणजे 'स्वामी' प्रसिद्ध झाली तेव्हा या हक्काला अवघी सहा वर्षे झाली होती. आपल्या लेखकांच्या आणि वाचकांच्या मनात नायिकेच्या हाती किल्ली का आली नाही, हे यावरून थोडे समजते. समजते म्हणून आज ते क्षम्य ठरत नाही.

नव्या कादंबरीकाराकडे माझे मागणे मोठे नाही. दागिन्यांची वर्णने त्याने जरूर करावीत. तन्मणी, वज्रटीक, चिंचपेटी, बाजूबंद, सारे यावे. मात्र प्रत्येक दागिन्यापाशी क्षणभर थांबून विचारावे: हा कोणी केला, कोणत्या पैशातून केला, तो मोडायचा झाला तर कोणाला विचारावे लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे तो देऊ लागला की त्याची नायिका आपोआप रडणे थांबवून बोलू लागेल.

त्या बाईंना मी रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक सुचविले. ती कादंबरी नव्हे आणि रानड्यांचे घर शेठजींचेही नव्हे. पण सभेला गेली म्हणून घरच्याच बायकांचे टोमणे खाणारी, नवऱ्याची मर्जी आणि सासरची रीत यांच्या मधून रोज नवी वाट काढणारी एक बाई तिथे आपल्या तोंडाने बोलते. बाईंनी ते पुस्तक नेले. परवा वाचनालयात वही चाळताना पाहिले, तर त्यांनी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. ग्रंथपाल म्हणाले, "मुलगीही वाचते आहे म्हणे."